सरकारबाहेरचे हिशेबनीस

बँकेच्या सेवेत ज्यांनी काही वर्षे ग्रामीण शाखांत काढली आहेत, त्यांना ‘अग्रणी बँक’ हा शब्द नवा नाही. जिल्हा सल्लागार समितीच्या बैठका, वार्षिक पतपुरवठा आराखडा, तालुकावार उद्दिष्टे आणि त्यांच्यासमोरचे साध्याचे रकाने ही सारी यंत्रणा याच शब्दाभोवती उभी आहे. ग्राहकांनी मात्र तो बहुधा एखाद्या कार्यालयाच्या पाटीवरच वाचलेला असतो. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे सोपवावी आणि त्या बँकेने जिल्ह्याची पाहणी करून पतपुरवठ्यात पुढाकार घ्यावा, ही कल्पना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर १९६९ मध्ये अमलात आणली. तिच्या मुळाशी राष्ट्रीय पत परिषदेच्या एका अभ्यासगटाचा अहवाल होता आणि त्या गटाचे अध्यक्ष होते प्रा. धनंजयराव गाडगीळ. जून १९६७ पर्यंत व्यापारी बँका देशातील अवघ्या ५,००० खेड्यांपर्यंत पोहोचल्या होत्या, याकडे या गटाने लक्ष वेधले आणि त्यावर उपाय म्हणून ‘क्षेत्रीय दृष्टिकोन’ सुचविला.

गाडगीळ त्या वेळी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, म्हणजे सरकारातच होते. परंतु ज्या दृष्टीने ते जिल्ह्याकडे पाहत होते, ती दृष्टी दिल्लीत घडलेली नव्हती. साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांच्या देणगीतून १९३० साली भारत सेवक समाजाने पुण्यात ‘गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था’ स्थापन केली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी अशी कामे या संस्थेने त्या काळात केली, जेव्हा आपल्या विद्यापीठांतील अर्थशास्त्र बव्हंशी विलायती पाठ्यपुस्तकांतूनच शिकविले जात होते. तालुका हे मोजमापाचे एकक मानून शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत जाण्याची जी सवय या पाहण्यांतून जडली, तिचाच विस्तार पुढे ‘जिल्हावार पतपुरवठा’ या कल्पनेत झाला असावा, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

इंग्रजीत ज्यांना ‘थिंक टँक’ म्हटले जाते, त्या संस्थांचे आपल्याकडील हे एक जुने आणि ठळक उदाहरण होय. अशी संस्था कायदा करू शकत नाही, अंदाजपत्रक मांडू शकत नाही, कोणाला रुपयाचेही कर्ज देऊ शकत नाही. मोजणे, मोजण्याची रीत उघड सांगणे आणि त्यातून निघणारे निष्कर्ष, ते कोणाला रुचोत वा न रुचोत, प्रसिद्ध करणे एवढेच तिच्या हाती असते. एवढ्याशा सामर्थ्यावर राष्ट्राच्या धोरणात काय फरक पडतो, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर सिद्धांतापेक्षा इतिहासात अधिक चांगले सापडते. त्यासाठी याच संस्थेच्या कार्यातील दोन-तीन प्रसंग थोडे तपशिलाने पाहू.

आठ आणे आणि बारा आणे

स्वातंत्र्यानंतर दोन पंचवार्षिक योजना पार पडल्या, तरी देशात दरिद्री कोणाला म्हणावे याचे सर्वमान्य माप नव्हते. १९६२ साली अर्थतज्ज्ञांच्या एका कार्यगटाने दरडोई दरमहा २० रुपये (१९६०-६१ च्या किमतींनुसार) हा किमान खर्च सुचविला. या गटात स्वतः गाडगीळही होते. परंतु हा आकडा कोणत्या आकडेमोडीतून आला, त्याचे सविस्तर गणित लोकांसमोर आले नाही. साहजिकच त्यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच शक्य होते, त्याची तपासणी करणे नव्हे.

हे गणित जानेवारी १९७१ मध्ये जगासमोर मांडले गेले. गोखले संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी डॉ. नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावरील अभ्यास मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने लागोपाठच्या दोन अंकांत छापला. त्यांची रीत तशी साधी होती. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० उष्मांक मिळावेत, हे त्यांनी गृहीत धरले. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांचा खर्च आणि आहार या दोन्हींची नोंद असते. खर्चाच्या कोणत्या पायरीवर कुटुंबाला एवढे उष्मांक प्रत्यक्ष मिळू लागतात, ते त्यांनी त्या नोंदींवरून पाहिले. ग्रामीण भागात ही पायरी दरमहा दरडोई १५ रुपयांच्या आसपास आणि शहरांत साडेबावीस रुपयांच्या आसपास सापडली. दिवसाच्या हिशेबात सांगायचे तर खेड्यात आठ आणे आणि शहरात बारा आणे.

ग्रामीण भागासाठी हा आकडा १९६२ च्या कार्यगटापेक्षाही कमीच होता. तरीही या खालच्या रेषेच्या आत ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक राहत होते. याहून बोचरा निष्कर्ष पुढे होता. १९६० च्या दशकात जी काही आर्थिक वाढ झाली, तिचा लाभ मुख्यतः वरच्या थरांना मिळाला. ग्रामीण भागातील तळाच्या २० टक्के लोकांची स्थिती जवळपास होती तेथेच राहिली आणि शहरांतील तळाच्या २० टक्क्यांची स्थिती तर खालावली, असे लेखकद्वयाने नमूद केले. नियोजनाच्या वीस वर्षांनंतर हे वाचणे सत्ताधाऱ्यांना सुखावह वाटले असेल, असे म्हणवत नाही.

त्यावर त्यांनी सुचविलेला उपायही त्या वेळच्या प्रचलित घोषणांना साजेसा नव्हता. जमिनीच्या फेरवाटपावर अनेकांची भिस्त होती. दांडेकर आणि रथ यांचे म्हणणे असे की, सर्वांना पुरेल एवढी जमीनच देशात नाही. तेव्हा ज्यांच्या पदरी पोट भरण्यापुरती शेती नाही त्यांना सार्वजनिक कामांवर रोजगाराची हमी द्यावी लागेल. त्यासाठी लागणारा पैसा कोठून येणार, हेही त्यांनी टाळले नाही. सर्वांत श्रीमंत ५ टक्के लोकांचा उपभोग १५ टक्क्यांनी आणि त्यांच्या खालच्या ५ टक्क्यांचा साडेसात टक्क्यांनी कमी करावा लागेल, असे त्यांनी मांडले. धोरणविषयक लेखनात खर्चाची बाजू इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिली जाते. खर्चाचे पान कोरे ठेवून सुचविलेला उपाय हा बँकेच्या भाषेत सांगायचे तर परतफेडीचा तपशील नसलेला कर्जप्रस्ताव असतो.

हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी झालेली लोकसभेची निवडणूक ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर लढविली गेली. म्हणून ती घोषणा या अभ्यासातून निघाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. राजकारणाच्या प्रेरणा वेगळ्याच असतात. त्याचप्रमाणे महाराष्ट्राची रोजगार हमी योजनाही या लेखकांनी जन्माला घातली, असा दावा करता येत नाही. वि. स. पागे यांनी तासगाव भागात १९६५ सालीच तिचा प्रयोग आरंभिला होता. १९७२ च्या भीषण दुष्काळाने तिला राज्यव्यापी रूप दिले आणि १९७७ साली संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मात्र राजकीय घोषणेला आणि शासकीय योजनेला नंतर ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, ते प्रश्न पुण्यातून विचारले गेले होते: किती लोक? कोणत्या रेषेखाली? आणि खर्च किती? पाचव्या योजनेपासून दारिद्र्याचा आकडा हा योजनेच्या दस्तऐवजातील अपरिहार्य भाग बनला, तो आजतागायत सार्वजनिक चर्चेतून गेलेला नाही.

वादाचे मोल

एखादा आकडा उघड रीतीने मांडला की तो खोडून काढण्याचा मार्गही उघडा होतो. दांडेकर-रथ यांच्या वाट्याला हे भरपूर आले आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मोल येथेच कळते.

पहिला महत्त्वाचा आक्षेप केरळातून आला. उष्मांकांच्या या मापाने पाहिल्यास केरळ देशातील अतिशय दरिद्री राज्यांत मोडत होता. त्याच राज्यात साक्षरता आणि आयुर्मान मात्र देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक होते. मग मेळ कसा बसवावा? प्रा. के. एन. राज यांच्या पुढाकाराने तिरुवनंतपुरम येथे स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ने संयुक्त राष्ट्रांसाठी केलेला अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्याने दाखवून दिले की, केरळी माणसाच्या आहारात टॅपिओकाच्या कंदाचा (आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो) वाटा मोठा आहे आणि तो नीट हिशेबात धरल्यावाचून तेथील पोषणाचे चित्र खरे उमटत नाही. त्याहीपुढे जाऊन, शिक्षण आणि आरोग्य यांवर सातत्याने खर्च केल्यास उत्पन्न कमी असतानाही लोकांचे जीवनमान कसे सुधारते, याची चर्चा या अभ्यासाने देशभर सुरू केली. म्हणजे पुण्याचा आकडा तपासता तपासता तिरुवनंतपुरमच्या हाती एक नवाच विषय लागला.

दुसरा आक्षेप पुण्यातूनच आला. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे अन्न व कृषी संघटनेतील सेवेनंतर पुण्यात स्थायिक झाले होते. त्यांचे म्हणणे असे की, उष्मांकांची सरासरी गरज ही रेषा म्हणून वापरणे मुळातच चूक आहे. सरासरी म्हटली की निरोगी माणसांपैकीही अनेकांची गरज तिच्याहून कमीच असणार. शिवाय एकाच माणसाची गरज काळानुसार बदलते आणि शरीर त्या बदलाशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी ठरविल्यास आकडा अकारण फुगतो. दांडेकरांनी १९८१ आणि १९८२ मध्ये त्याला सविस्तर उत्तरे दिली. दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रेषा आहे ती दारिद्र्याची, असा त्यांचा रोख होता. हा वाद तापला, लांबला आणि पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही. तथापि, तो केवळ विद्वानांचा वाद नव्हता. रेषा थोडी वर-खाली सरकली की काही कोटी माणसे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातात, आणि रेशनकार्डाचा रंग, घरकुलाचा अर्ज, अनुदानाची पात्रता हे सारे त्या रकान्यावर अवलंबून असते.

म्हशीचे कर्ज

आता जो प्रसंग सांगायचा आहे, तो जुन्या शाखा व्यवस्थापकांच्या विशेष जिव्हाळ्याचा असेल. १९७८-७९ मध्ये काही गटांत सुरू झालेला ‘एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम’ २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व गटांत लागू झाला. दरवर्षी प्रत्येक गटातून ६०० कुटुंबे निवडायची, त्यांना म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाई यंत्र असे उत्पन्नाचे साधन द्यायचे, त्याच्या किमतीचा काही भाग सरकारी अनुदानातून आणि उरलेला बँकेच्या कर्जातून भागवायचा, अशी त्याची रचना होती. लहान शेतकऱ्याला चौथा हिस्सा, शेतमजुराला तिसरा हिस्सा आणि अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना निम्मा हिस्सा अनुदान मिळे. सहाव्या योजनेत दीड कोटी कुटुंबांचे लक्ष्य होते. गटविकास कार्यालयाकडून याद्या यायच्या, वर्षअखेरीस उद्दिष्टपूर्तीची घाई व्हायची आणि शाखेत प्रस्तावांचे गठ्ठे साठायचे. त्या गठ्ठ्यांमागे माणसे होती आणि बँकेत ठेवीदारांचा पैसा होता. दोन्ही बाजूंनी विचार करता प्रश्न गंभीर होता.

कार्यक्रमातून किती कुटुंबे दारिद्र्यरेषेच्या वर आली? रिझर्व्ह बँक, नाबार्ड, नियोजन आयोगाचा मूल्यमापन विभाग आणि चेन्नईची एक संशोधन संस्था यांनी आपापल्या पाहण्या केल्या. उत्तरांत विलक्षण तफावत होती. कोणाच्या मते जवळजवळ निम्मी लाभार्थी कुटुंबे रेषा ओलांडून गेली होती, कोणाच्या मते पाचव्या हिश्शाहूनही कमी. यामागे एक बारीक मेख होती. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ३,५०० रुपयांची जी रेषा वापरात होती, ती १९७९-८० च्या किमतींची. महागाई वाढत गेली आणि रेषा तेथेच ठेवली, तर काही कुटुंबे नुसत्या भाववाढीनेच ‘वर’ आलेली दिसणार, हे उघड आहे.

फेब्रुवारी १९८५ मध्ये नीलकंठ रथ यांनी हा सारा हिशेब पुन्हा मांडला. ज्यांची निवड मुळातच चुकीची झाली होती, म्हणजे जी कुटुंबे आधीपासून गरीब नव्हतीच, ती त्यांनी बाजूला काढली. ज्यांच्याकडे घेतलेले साधन उरलेच नव्हते, ती कुटुंबेही वजा केली. जनावराचा चारा आणि कर्जाचा हप्ता भागवून हाती काय उरते, ते पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा निघाला की, सात वर्षांच्या अखेरीस देशातील ग्रामीण गरीब कुटुंबांपैकी जेमतेम ३ टक्के कुटुंबे या कार्यक्रमामुळे रेषेच्या वर येतील, आणि तीही कदाचित तेवढ्यापुरतीच. ज्याच्याकडे गोठा नाही, चारा पिकवायला तुकडाभर जमीन नाही, दूध घालायला जवळ डेअरी नाही, त्याला म्हैस देऊन उद्योजक बनविण्यापेक्षा मजुरीचे खात्रीचे काम द्यावे, असे रथ यांचे म्हणणे होते.

यावर प्रा. मो. ला. दांतवाला यांच्यासारख्या ज्येष्ठ कृषी अर्थशास्त्रज्ञांनी तात्काळ उत्तर दिले. सारा भार मजुरीच्या कामांवर टाकण्यातल्या अडचणी त्यांनी दाखविल्या. व्यक्तिशः मला दोघांचेही काही अंशी पटते. म्हशीने संसार सावरलेली कुटुंबे ग्रामीण शाखांनी पाहिली आहेत आणि कागदावरच राहिलेल्या म्हशीही पाहिल्या आहेत. परंतु वसुलीच्या दौऱ्यावर गेलेल्या अधिकाऱ्याला जे प्रत्यक्ष दिसत होते आणि ज्याला त्याच्या प्रगतिपुस्तकात रकानाच नव्हता, ते प्रथम राष्ट्रीय चर्चेत आले ते एका स्वतंत्र संस्थेतील अभ्यासकाच्या लेखामुळे. पुढे एप्रिल १९९९ मध्ये हा कार्यक्रम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला आणि एकेकट्या लाभार्थीऐवजी स्वयंसहायता गटांवर भर आला. मजुरीच्या हमीचा धागाही तुटला नाही. २००५ साली संसदेने ग्रामीण कुटुंबांना वर्षाकाठी १०० दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा जुना अनुभव त्यामागे होता.

पैसा कोणाचा, माहिती कोणाची

स्वतंत्र संस्था म्हटली की तिचा खर्च कोण चालवितो, हा प्रश्न ओघानेच येतो, आणि बँकेच्या वाचकाला तर तो आधी सुचतो. १९७१ चा अभ्यास फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पुढाकाराने आणि निधीतून झाला होता. ते कोठे लपविलेले नव्हते आणि त्यावर टीकाही झाली. देशी देणगी, परदेशी निधी, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक शास्त्रे संशोधन परिषदेचे सरकारी अनुदान, उद्योगांनी सोपविलेले प्रकल्प, यांपैकी कोणताही पैसा संपूर्ण निरपेक्ष असतो असे नाही. दिल्लीच्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च’सारख्या १९५६ पासून कार्यरत संस्थेलाही अशा विविध मार्गांनीच चालावे लागले. तेव्हा देणाऱ्याचे नाव पाहावेच; पण त्याबरोबर, संस्थेने गणिताच्या सगळ्या पायऱ्या दाखविल्या आहेत काय, हेही पाहावे. पायऱ्या दिसत असतील तर पक्षपात फार काळ दडून राहत नाही. व्यासपीठाचा मोकळेपणा ही आणखी एक खूण मानता येईल. नेमस्त परंपरेतील नामदार गोखल्यांचे नाव लावणाऱ्या या संस्थेने २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाचारण केले आणि त्यांनी तेथे नियोजित संघराज्याच्या योजनेची कठोर चिकित्सा केली.

पैशाइतकीच, किंबहुना त्याहून मोठी गरज असते माहितीची. दांडेकर-रथ यांनी सरकारच्या नियोजनावर जी टीका केली, ती सरकारच्याच नमुना पाहणीच्या आकड्यांवर केली, हे विसरता येत नाही. ती पाहणी १९५० साली सुरू करण्यात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांनी कलकत्त्यात उभारलेली भारतीय सांख्यिकी संस्था यांचा मोठा वाटा होता. सरकारने मोजावे, मोजलेले उघड करावे आणि बाहेरच्यांनी ते तपासावे, अशी ही साखळी आहे. ती तुटली की काय होते, याचा अनुभव अलीकडे आला. २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष, माहितीच्या गुणवत्तेविषयी शंका असल्याचे कारण देऊन, नोव्हेंबर २०१९ मध्ये न प्रसिद्ध करण्याचा निर्णय झाला. २०११-१२ नंतर नवी पाहणीच हाती नसल्याने अभ्यासकांना अप्रत्यक्ष मार्गांनी अंदाज बांधावे लागले. २०१९ सालच्या अत्यंतिक दारिद्र्याविषयी २०२२ मध्ये दोन अभ्यास पुढे आले. एकाने ते १ टक्क्याहून कमी सांगितले आणि दुसऱ्याने १० टक्क्यांच्या आसपास. एवढ्या अंतरात दहा कोटींहून अधिक माणसे मावतात.

२०२२-२३ च्या पाहणीचे आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आले आणि त्यापुढील वर्षाचेही आले. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागात दरडोई दरमहा सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये खर्च होतो, असे त्यांत दिसते. नव्या पाहणीची प्रश्नावली आणि माहिती गोळा करण्याची पद्धत जुन्यापेक्षा वेगळी असल्याने या आकड्यांची २०११-१२ शी थेट तुलना कितपत करावी, यावर लगोलग मतभेद सुरू झाले. रेषेचा प्रश्नही खुलाच राहिला. तेंडुलकर समितीची २००९ मधील रेषा २०११ साली शहरांत दिवसाला ३२ आणि खेड्यांत २६ रुपये अशा रूपात न्यायालयासमोर आली तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. त्यानंतर रंगराजन समितीने २०१४ मध्ये वरची रेषा सुचविली. आता पुणे, दिल्ली, तिरुवनंतपुरम आणि अन्यत्रचे अभ्यासक नव्या पाहणीचे कुटुंबवार तपशील संगणकावर उघडून बसले आहेत आणि आठ आणे व बारा आणे यांची आजची किंमत पुन्हा काढत आहेत.